वेळ की वेल

सोमवार, ३ नोव्हेंबर

या टॅबला आता निवृत्त करावं! रविवारी सभा, वाचनालय बंद करण्याच्या ठरावाविरुद्ध — आणि हा नेमका आज बिघडला. नेहमीसारखी येरझारा घालत भाषण सांगितलं, त्याने ऐकून टिपलं. वाचायला घेतलं तर — 'आता गप्प बसण्याची वेल नाही.' पुढे 'मूल प्रश्न', 'कठीण काल'. एकही ळ धड नाही.

एरवी मी टॅबमध्ये डोकावतही नाही. हे तो आपल्या खोलीत नेतात, मोठ्या अक्षरांत छापून आणतात, मी कागद घेऊन उभी राहते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. सहा वर्षांत माझ्या कागदावर चूक दिसलेली नाही. पण वन्संचा पाय मोडला म्हणून हे पंधरा दिवस झाले त्यांच्याकडे आहेत, आणि इथे याचं दुखणं वर आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लेक फोनवर म्हणाली, "आई, तो टॅब आता संग्रहालयाला दे. नवा घे." सोपं आहे! गेल्या वर्षी 'वापरा आणि फेका' या वृत्तीवर मी पाऊण तास आग ओकले होते. हिने पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्याच तोंडाने दुकानाची पायरी चढू?

दोनदा चहा ठेवला. दोनदा आटवला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सावकाश बोलून पाहिलं. मग ओरडून. वेल, वेल, वेल — आता याच्या डोक्यावर मांडवच घालायचा बाकी आहे.

ग्रंथपालबाईंना फोन केला, सभेची वेळ नक्की का विचारलं. "कुठली वेल?" म्हणाल्या. फोनही गेला वाटतं. घरातली यंत्रं एकजुटीने संपावर आहेत. मी आयुष्यभर माणसांना एकजुटीचं सांगितलं, ऐकलं यंत्रांनी!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तत्त्व घरी ठेवून दुकानात गेले. नव्या टॅबसमोर तेच वाक्य म्हटलं. त्याने लिहिलं — वेळ. मूळ प्रश्न. कठीण काळ. जीव भांड्यात पडला. घेऊन निघणारच होते, पण सवय वाईट — दुकानातल्या मुलीला विचारलं, या दोघांत फरक काय?

"काकू, तुमचा जुना जसं ऐकतो तसं लिहितो," ती म्हणाली. "हा समजून घेतो. आपण कसंही बोललो तरी आपल्याला काय म्हणायचंय ते याला कळतं."

कसंही म्हणजे?

पिशवीतून जुना काढला आणि तिच्यापुढे धरला. ती लाजत माझं वाक्य बोलली. जुन्याने लिहिलं — वेळ. परत बोलायला लावलं. वेळ.

मग मी बोलले. वेल.

ती पडद्याकडे बघत राहिली, माझ्याकडे बघेना. नवा न घेताच आले. रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगतानाही स्वतःचं ऐकत होते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डॉक्टर. गाल फुगवा. जीभ बाहेर. आता टाळूला लावा. मागे वळत नाही ती पुरती. सोमवारी तपासण्या. त्याआधी काही सांगता येणार नाही म्हणाले. रविवारी बोलू का विचारलं. "बोला, पण दमाने." आजवर कधी दमाने बोलले आहे मी?

शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ

ळ टाळून भाषण लिहायला बसले. वेळ नको, क्षण. काळ नको, दिवस. मूळ नको, खरा. 'वाचनालयाला टाळं ठोकाल' इथे अडले — कुलूप! जमलं सगळं. मोठ्याने वाचलं. स्वच्छ, बिनचूक, आणि मेलेलं. टाळं म्हणताना जो दणका बसतो तो कुलपात कुठला?

फाडून टाकलं.

नवा टॅब घ्यावा का? तो समजून घेईल. कागदावर सगळं ठीक दिसेल. पण समोरच्या दोनशे माणसांच्या कानांचं काय — त्यांनाही समजून घ्यायला सांगू? की ती आधीपासूनच घेताहेत?

शनिवार, संध्याकाळ

हे आले. हातपाय धुतले आणि सवयीने टॅब उचलला. "दे, छापून आणतो."

तेव्हा लख्ख कळलं. विचारलं, कधीपासून?

यांनी चष्मा काढून पुसला. "उन्हाळ्यापासून. एक अक्षर तर दुरुस्त करायचं होतं."

"छापा," म्हटलं मी. "पण या वेली जसं आहे तसं."