फुग्यात न बसलेलं ‘आपण’

अण्णा,

शनिवारी बदलापूरला तुमच्या खलनायकावरचा सिनेमा पाहिला आणि आज सकाळी त्या सिनेमावाल्यांची मुलगी तुमची मूळ पानं न्यायला घरी आली, म्हणून लिहिते आहे. एरवी तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कागद खराब करणाऱ्यातली मी नाही.

सिनेमा किळसवाणा आहे. तुमचा बिनभुवयांचा माणूस त्यांनी थुंकणारा, खिदळणारा वेडा करून टाकला आहे. त्याला भुवया नाहीत, एवढंच त्यांनी तुमच्या चित्रकथेतून उचललं. त्या रसायनाच्या पिंपावर जळाल्या, मालकाने त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून गेटाबाहेर बसवलं, आणि मग कारखान्याच्या नाल्याचं पाणी मालकाच्याच विहिरीत सोडायचं, तेच पाणी पिणाऱ्या खालच्या वस्तीचं काय व्हायचं ते होवो, असं त्याने ठरवलं, हे सगळं गाळलं. आता तो चाकू चाटतो आणि लोकांना मारतो. का मारतो ते कुणी विचारत नाही. वर त्याच्या तोंडी डोंगराकडच्या वाड्यांची बोली घातली आहे, वांगणीहून रानभाजी घेऊन येणाऱ्या बायका बोलतात ती. नायक मात्र बातम्या दिल्यासारखा बोलतो. त्या बोलीवर थिएटर हसत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरची सिंधी कापडवाली माझ्या सोबत आली होती. ती कोपर मारून म्हणाली, “दीदी, तुम्हारे बाबा के विलन को तो इन्होंने पूरा जोकर बना दिया.” तिला कळलं. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांना कळलं नाही. आणि त्याचं ते पालुपद! “ए, तू थांब रे!” प्रत्येक खुनाआधी एकदा. आमच्या बिल्डिंगमधली पोरं जिन्यात तेच ओरडत फिरतात. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत निबंध तपासले, पण यांना करेन इतक्या सहज कुणाला नापास केलं नाही.

तो ‘तू’ ऐकला आणि मी थेट आपल्या लहानपणच्या, कॅम्प चारच्या खोलीत जाऊन पोचले. तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यातून पहिली पाळी करून येता, आई ओटा पुसून देते, आणि त्या ओल्या ओट्यावर वर्तमानपत्र घालून तुम्ही चित्रं काढायला बसता. मागच्या गल्लीतल्या छापखान्याला महिन्याला एक अंक द्यायचा असतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून फुग्यांतली वाक्यं लिहायचं काम माझ्याकडे. मी तेरा वर्षांची आहे आणि मला वाटतं की खलनायक म्हणजे अरे-तुरे करणारा. तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर तो नायकाला म्हणतो, “आपण थांबावं. माझं बोलणं पुरं होऊ द्यावं.” नायक ऐकत उभा राहतो, अख्खं पानभर. मला ते हास्यास्पद वाटलं. मी चार ठिकाणी ‘आपण’चं ‘तू’ केलं आणि विचारलंत तेव्हा सांगितलं, “फुग्यात बसत नव्हतं.”

तुम्ही आवाज चढवला नाहीत. “बसत नसेल तर फुगा मोठा कर. माणूस कशाला लहान करतेस?” मग म्हणालात, “तो दुष्ट आहे. उद्धट नाही.” मी तोंड वाकडं केलं, तेव्हा तुम्ही त्या गृहस्थांची आठवण करून दिलीत. तुमच्याच पाळीतले, खरोखरच भुवया नसलेले, रविवारी आपल्याकडे चहाला यायचे ते. मी त्यांना घाबरायची. ते मलासुद्धा म्हणायचे, “आपण अभ्यासाला बसा, मी निघतोच.” तेरा वर्षांच्या पोरीला आपण! तुम्ही म्हणालात, “त्याचा चेहरा बघून माणसं आधीच दचकतात. म्हणून तो शब्द जपून वापरतो. तेवढं त्याच्याकडून काढून घेऊ नकोस.” आणि शाई खरवडायला अर्धं ब्लेड माझ्या हातात दिलंत, एका कडेला कागदाची घडी चिकटवलेलं, बोट कापू नये म्हणून.

मी तीन फुगे खरवडले. चौथा शेवटच्या पानावर उजवीकडे, सगळ्यात अरुंद. “तू थांब.” तो मी पाहिला होता, अण्णा. रागात होते, तसाच सोडला. अंक छापून आला. तुम्ही तो फुगा पाहिलात की नाही, मला कधी कळलं नाही. तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.

आज आलेली मुलगी वाईट नाही. आल्याबरोबर चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं. “मॅडम, पार्ट टूमध्ये त्याची बॅकस्टोरी करतोय ना आपण. ओरिजिनल पानं मिळाली तर एकदम खरं वाटेल.” मी म्हटलं, पानं देते, पण तो सगळ्यांना आपण म्हणाला पाहिजे. ती हसली. “आपण म्हणणारा विलन? मॅडम, लोकं बोअर होतील.” मी पानांचं पाकीट माझ्याकडे ओढलं, तशी ती सावरून बसली आणि मोबाइल पुढे केला. “पण हे बघा ना, सरांनीच लिहिलंय. आमच्या रायटरला जुना अंक मिळाला, हे एकच पान धड होतं. तिथूनच तर तो डायलॉग घेतला. सुपरहिट!” मोबाइलच्या काचेवर माझं तेराव्या वर्षीचं अक्षर होतं. तू थांब.

सिनेमावाल्यांसाठी शनिवारपासून साठवलेल्या शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या.

“ही चूक आहे,” मी म्हटलं.

“सरांची?”

“नाही. त्यांच्या हाताखाली एक मुलगी फुगे भरायची. तिची.”

“मग ठीक आहे ना. छोटीशी तर आहे.”

तिला बसवलं, चहा दिला, आणि आतून ते अर्धं ब्लेड आणलं. कागदाची घडी पिवळी पडली आहे, धार अजून आहे. तिच्यासमोर मूळ पानावरचा तो फुगा खरवडला. शाई इतकी जुनी की कागदाचा पापुद्राही निघाला. फुगा एका बाजूने वाढवून घेतला आणि लिहिलं: “आपण थांबावं.” शेवटचा अनुस्वार जाड आला. ती मोबाइलवर शूटिंग करत होती. “मॅडम, हे तर सिनेमात घ्यायला पाहिजे!” मी सांगितलं, घ्यायचं असेल तर शब्द घ्या, माझे हात नकोत. माझी अट मी कागदावर लिहून पुढे केली. तिने सही केली, पण सहीच्या वर ‘प्रयत्न करू’ असं लिहिलं. मला या प्रयत्नांची किंमत ठाऊक आहे. तरी पानं दिली. घरात ठेवली असती तर जगात त्याचा तेवढा एक ‘तू’च उरला असता.

हे पत्र त्या पाकिटात घालायचं म्हणून ती चहा पीत असताना स्वयंपाकघरात सुरू केलं होतं. घातलं नाही. ती मुलगी म्हणजे मीच, हे तिला सांगायला जीभ वळली नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही तुम्ही वाचणार नाही म्हणून.

दिलं ते असं: मूळ पानं चोवीस, क्रमाने. शेवटच्या पानावर उजवीकडचा फुगा दुरुस्त. अटीचा कागद एक, तिच्या सहीचा, प्रत माझ्याकडे. ब्लेड दिलं नाही.