डेफिनेटली, सर

३ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लिफ्ट दुरुस्तीच्या या कंपनीत तक्रारींचा फोन उचलता उचलता माझे केस पांढरे झाले, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, इनचार्जची जागा रिकामी होतेय, महिनाअखेरीला ठरवायचंय. माझं काम चोख आहे म्हणे, पण इंग्रजीत बोलायला लागलो की घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. हेड ऑफिसवाले रेकॉर्डिंग ऐकतात.

अपमान गिळला. जागा माझीच आहे. दुसरा उमेदवार कोण, तर मफलर. बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून बसतो आणि कशालाही 'बघू' म्हणतो. असल्या माणसाला कोण केबिन देतंय!

घरी बायकोला सांगून टाकलं, मिळाल्यातच जमा आहे. तिने लगेच तिच्या भावाला फोन लावला. थांबवणार होतो, पण तोवर ती केबिनच्या एसीपर्यंत पोचली होती.

४ फेब्रुवारी
एक व्हिडिओ पाहिला. आयुष्य उगाच वाया गेलं. इंग्रजीत क्रियाविशेषणं पेरली की माणूस आत्मविश्वासू आणि आनंदी वाटतो, एवढंच आहे ते. डेफिनेटली. ॲब्सोल्यूटली. ग्लॅडली. हॅपिली. चिअरफुली. पुढे काय बोलतो याला फार महत्त्व नाही, सुरुवात दणक्यात हवी.

चिठ्ठ्या करून बाथरूमच्या आरशावर चिकटवल्या. दाढी करताना आता फक्त हनुवटी दिसते.

संकल्प: घरीदारी, कुणीही काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात यातल्याच एका शब्दाने.

६ फेब्रुवारी
घरी सराव. बायकोने विचारलं, रविवारी आईला दातांच्या डॉक्टरकडे नेशील का? 'ग्लॅडली' म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग लगेच विचारलं, येताना तिचा जुना सोफाही आणशील का. 'ॲब्सोल्यूटली.'

मुलगी म्हणाली, पप्पा, शब्दाचा अर्थ तरी बघत जा. कॉलेजात गेल्यापासून जास्तच शहाणी झालीय.

९ फेब्रुवारी, रविवार
कंबर धरलीय. सोफा जिन्यात अडकला होता. वरून सासूबाई दुखऱ्या दाताने सूचना देत होत्या.

शब्दांचा मात्र परिणाम होतोय. घरात माझ्याकडे इतकी कामं याआधी कुणी विश्वासाने दिली नव्हती.

१३ फेब्रुवारी
मोठा दिवस. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा फोन. पाय प्लास्टरमध्ये, खाली आल्या आणि लिफ्ट बंद पडली. मी ठणकावून सांगितलं, 'डेफिनेटली, मॅडम, अकरापर्यंत.' आवाज असा खणखणीत लागला की मलाच बरं वाटलं.

मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मी कुणाला शब्द देण्याआधी त्याला विचारत का नाही, म्हणून माझ्यावरच डाफरला. बाई संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या खुर्चीत. मधे चार वेळा फोन आले, चारही वेळा मी 'डेफिनेटली'च म्हणालो. शेवटी त्यांनी फोन दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हटलं. मफलरने घेतला. म्हणाला, बघतो, पण आज होईलसं वाटत नाही, जवळ कुणी नातेवाईक असेल तर तिकडे जा. बाई चक्क त्याला थँक यू म्हणाल्या.

काय जमाना आलाय. माणसाला खात्रीने बोललेलं चालत नाही.

१७ फेब्रुवारी
एका गृहस्थांची लेखी तक्रार आली. मी उत्तर पाठवलं: आपले वडील दीड तास लिफ्टमध्ये अडकले, हे आम्ही चिअरफुली नोंदवून घेतलं आहे.

त्यांनी साहेबांना फोन केला. साहेबांनी मला काय झालं ते विचारलं. मी सगळं कॉन्फिडंटली समजावून सांगितलं. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. प्रभावित झाले असावेत.

२० फेब्रुवारी
मेहुण्याने केबिनसाठी पितळी पाटी करून पाठवली. माझं नाव, खाली इनचार्ज. बायकोने ती पुसून कपाटावर ठेवलीय. येताजाता दिसते. मी मान खाली घालूनच पुढे जातो, पण ते सोफ्याने धरलेल्या कंबरेमुळे असणार.

२७ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला. तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हणाले, जागा मफलरला द्यावी असं मनात आहे. पण तो म्हणतोय, तुम्ही सीनियर, तुमचं मन दुखणार असेल तर त्याला खुर्ची नको. म्हणून अजून वरती कळवलेलं नाही. मग साहेब पुढे झुकले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

"तुम्हाला वाईट वाटणार असेल तर आत्ता सांगा. मी निर्णय बदलतो."

वाईट? ही नोकरी, ती पाटी, बायकोचा फोन, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं:

"ॲब्सोल्यूटली नॉट, सर. हॅपिली!"

साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, तुमच्यासारखा दिलदार माणूस पाहिला नाही. मी जागचा उठेपर्यंत त्यांनी हेड ऑफिसला फोन लावलाही.

घरी सांगितलं. बायकोने पाटी उचलून कपाटात आत सरकवली. मुलीने विचारलं, पप्पा, वाईट वाटलं का? 'हो' म्हणालो. नुसतं 'हो'. हे तिथे का नाही जमलं?

अजून वेळ गेलेली नाही. उद्या साहेबांना स्पष्ट सांगायचं की मला वाईट वाटलंय. सुरुवात 'अनफॉर्च्युनेटली'ने. आरशावरच्या चिठ्ठ्या काढून ही एकच लावली.

२८ फेब्रुवारी
बसमध्ये 'अनफॉर्च्युनेटली' घोकत गेलो. शेजारचा उठून दुसरीकडे बसला.

साहेब दारातच भेटले. खांद्यावर हात ठेवून विचारलं, सगळं ठीक ना?

'परफेक्टली, सर.'

मग मफलरचं टेबल केबिनमध्ये हलवायचं होतं. हात लावणार का, म्हणून त्याने अगदी संकोचून विचारलं. काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. टेबल जड होतं.