उलथलेल्या डोंगराचं वय

नंदुरबार, वैशाख वद्य पंचमी, शके १८५८

ध्रुवाकडच्या डोंगरांवरचा माझा लेख ह्यांना वाचून दाखवला. तापात मला विसरले, पण शाळेत मुलांना शिकवलेले खडक आठवतात. "खालचा थर जुना," मी वाचलं.

"नेहमी नही. डोंगर उलथना ते जुनं वर येस. खडकमधला शिंपला देखीसन वय वळखानं."

वाटलं, शुद्धीवर आले. पाणी पुढे केलं, तर तोंड फिरवलं. "तू कोन शे? सरूले बलाव."

सरू ह्यांची पहिली बायको, माझ्या लग्नाआधीच वारलेली. कालपासून ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. वैद्यांनी आशा सोडली आहे. मी काय करणार होते? पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "मीच सरू."

सगळं पाणी प्यायले.

उद्याही पाणी द्यायचं आहे.