फुलीचे दगड

मु. शहादे
गुरुवार, ता. ११ फेब्रुवारी १९३७

ति. सौ. कौसाताईस,

निर्मलेचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आमच्या भिलाचा ताप परवाच उतरला, आता घरभर हुंदडतो आहे. तुमच्याकडे मिरच्या वाळत घातल्या असतील, डोळ्यांना जप.

तुझं पत्र पोचलं. सुटीत तिकडे असला की तू सांगतेस आणि लोटन लिहितो, तरी शेवटी तो स्वतःची एक ओळ घालतोच, ‘मावशीला नमस्कार, भिल्याला एक धपाटा.’ या खेपेला ती ओळ नव्हती. मी कागद उलटून पाहिला, पाकीटसुद्धा झटकलं.

दाजी त्याचं नाव शाळेतून काढून सोमवारपासून त्याला कापसाच्या जिनात कामाला लावणार, हे वाचलं. ताई, त्यांना थांबव गं. माझ्या घरी राहून शिकणारं पोर, असं तडकाफडकी जिनात कसलं लावता?

सहलीचं तुला काय काय कळलं, देव जाणे. त्या रविवारी बालवीरांबरोबर घरच्या माणसांनीही यायचं, असं चुनीलाल मास्तरांनी ठरवलं होतं. चार गाड्या जुंपून आम्ही सारंगखेड्याला तापीकाठी गेलो. लोटन दोघा पोरांना घेऊन पुढे गेला होता, वाटेवर चुन्याचे ठिपके दिलेल्या दगडांच्या खुणा मांडायला. बाण दिसला की इकडून या, फुली दिसली की पुढे धोका. लहान पोरांनी त्या खुणा बघत जेवणाच्या जागी पोचायचं, असा खेळ. वांग्यांचं भरीत झकास झालं होतं. भाकरी तर मी एकटीने तीस थापल्या. बघ, भाकरीचंच सांगत बसले.

तर अर्ध्या भाकरी झाल्या आणि ओरडा ऐकू आला. भिला डोहात पडला होता. मास्तरांनी कपड्यांनिशी उडी टाकून त्याला काढलं. डोहाच्या वाटेवर फुली नव्हतीच. मास्तरांनी विचारलं तर लोटन म्हणाला, “मायनी आन, मी ठेयेल व्हती!” मी तरातरा पुढे गेले, “खोटं बोलतोस मेल्या?” म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. मास्तरांनी त्याच्या गळ्यातला बालवीराचा रुमाल काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो तुझ्याकडे निघून आला.

ताई, इथवरचं तुला ठाऊक असेल. पुढचं मी तुला लिहीत नाही.

लोटन, तूच वाचतो आहेस ना?

तू फुली ठेवली होतीस.

त्या वाळूत चुलीला एक धड दगड मिळेना. बायका पीठ मळून खोळंबल्या होत्या. शोधत गेले तर वाटेच्या फाट्यावर पाच दगड, सगळे एका मापाचे, चुन्याचे ठिपके लावलेले. तुमच्या खुणा तोवर मी पाहिल्या नव्हत्या; मला वाटलं, सारंगखेड्याच्या यात्रेत कुणीतरी मांडून गेलं असेल. तीन ओच्यात घेतले, दोन पायाने बाजूला सारले. चूल मांडली, झालं.

तुला मारलं तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. हात खाली आला आणि चुलीकडे नजर गेली. काजळीतून चुन्याचा ठिपका दिसत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या पोराला मीच बुडवत होते, हे एवढ्या माणसांत कुठल्या तोंडाने सांगू? भांडी घासायच्या निमित्ताने ते तिन्ही दगड नदीत टाकले. अजून गरम होते, चर्र वाजले. तू तिकडे गाडीच्या चाकाशी बसून रडत होतास. मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. माझी मला लाज वाटते रे.

काल पथक मैदानात उभं असताना हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. भिलाचे वडीलही तिथेच होते. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी शब्द काढलेला नाही. मास्तरांनी रुमाल माझ्या हातात दिला, म्हणाले, “तुम्हीच बांधा.” शनिवारी पहिल्या मोटारीने तो घेऊन येते. तुझ्या वडिलांपुढेही उभी राहून सांगेन. तू बांधू दिलास तर बांधेन, नाहीतर ओट्यावर ठेवून परत जाईन. पण सोमवारी तू जिनात जायचं नाहीस.

आता हे पत्र आईला मोठ्याने वाच, वडील घरी असतानाच वाच. मावशीची अब्रू जाते म्हणून मधलं तू गाळशील, मला ठाऊक आहे. गाळू नकोस.

तुला सगळ्यांत खोटं पाडणारी,
निर्मलामावशी