फोर एसमधली दोन बटणं

प्रिय ताई,

आज वर्गात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून शाळेतून आले ती हातपाय न धुताच लिहायला बसले. अक्षर गाढवाएवढं आलंय, ओळी डोंगर चढतायत, तेवढं सांभाळून घे.

यंदा माझ्या अकरावीत एक मुलगी आलीय. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. जन्मापासून तिला दिसत नाही. आमचे मोठे सर वाईट नाहीत, पण म्हणाले, "बाई, रसायनशास्त्र म्हणजे फळा आणि आकृत्या. पोरीला कशाला आगीतून फुफाट्यात घालता? सहामाहीपर्यंत बघू, नाहीतर विषय बदलू." तिची आई बस चालवते. तिने मला फाटकापाशी गाठून एवढंच सांगितलं, "पडली तर पडू दे, बाई. पण पडायच्या आधीच तिला कुणी खाली बसवू नका."

पाठांतरात चिमणी वाघीण. कुठल्याही अणूचं इलेक्ट्रॉन संरूपण पाढ्यासारखं म्हणून दाखवते. पण लोहासारख्या संक्रमण धातूंचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, आले आणि गाडी रुतली. लोहातून दोन इलेक्ट्रॉन काढायचे, पण कुठून? नुसतं ऐकून तिला ते उमजेना, आणि मला सांगता येईना. शेवटी मी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापले आणि आपल्या आईचा बटणांचा डबा काढला. तुझ्या पोरांनी इतकी उधळली तरी अजून वाटीभर आहेत! एक खळगा चौथ्या कक्षेतल्या फोर एसचा, त्याच्या शेजारी पाच खळगे तिसऱ्या कक्षेतल्या थ्री डीचे. एका खळग्यात दोनच बटणं, एक सुलट, एक उलट. लोहाचे आतले अठरा इलेक्ट्रॉन डबीत बंद करून टाकले, राहिले आठ. आधी फोर एसमध्ये दोन, मग थ्री डीत प्रत्येकी एक, आणि उरलेला सहावा पहिल्याच्या जोडीला.

आज तो ट्रे तिच्यापुढे ठेवला आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "आता दोन काढा. कुठली काढाल?" पहिल्या बाकावरच्या पंडिताने हातही वर न करता ठोकून दिलं, "थ्री डीतली! शेवटी आली ती आधी जाणार!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमणी मात्र बोटांनी खळगे चाचपत राहिली, आणि तिने फोर एसमधली दोन्ही बटणं उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "बाई, भरताना हे आधी भरलं, खरंय. पण चौथी कक्षा तिसरीच्या बाहेर ना? मग घरातून कुणाला न्यायचं तर ओसरीवरचेच आधी हाताला लागणार." ताई, माझ्या अंगावर काटा आला! म्हटलं, अजून एक काढ. तिने जोडीतलं एक उचललं, पाचही खळगे पुन्हा चाचपले आणि हसली, "आता ज्याला त्याला आपापली खोली. हे भांडायचे नाहीत." लोहाचा तीन धन आयन इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. मग काय, अख्खा वर्ग डोळे मिटून ट्रे मागायला लागला. पंडिताने बटणं जमिनीवर सांडली आणि सगळे बाकांखाली शिरले.

त्या गोंधळात मी खळगे चाचपत तांब्याच्या अणूचा ट्रे मांडत होते. चिमणीने हात पुढे केला, तो माझ्या बोटांवर पडला. तिने सरळ विचारलं, "बाई, तुम्ही पण हातानेच बघता का?"

गेले कितीतरी दिवस मी फळ्याकडे पाठ करून, सगळं तोंडपाठ शिकवतेय. खडूची रेघ दिसत नाही, हे तुझ्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काहीतरी थाप मारता आली असती. पण मी म्हटलं, "हो गं. अजून थोडं दिसतं. पुढे तेही दिसणार नाही." कुणी चुकचुकलं नाही. बाकाखालून पंडिताचा आवाज आला, "मग फळ्यावर आम्ही लिहू की, बाई. तुम्ही फक्त चुका काढा." आणि चिमणी म्हणाली, "चुका मी काढते. बाई शिकवतील."

तशीच उठून मी मोठ्या सरांकडे गेले आणि त्यांच्या खणातला, कारण न सांगता दिलेला माझा राजीनामा परत मागितला. चिमणी विज्ञानातच राहणार, हेही वदवून घेतलं. म्हणून हे पत्र, ताई. तू माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, उंबऱ्याची ठेच लागू नये म्हणून तो काढून घेतलास, भाओजींनी भिंतीला कठडा लावला. तुमची माया मला कळते. पण ती खोली आता भाचीला अभ्यासाला दे. मी येईन, हक्काने येईन, पण सुट्टीत, पाहुणी म्हणून. आत्ता मला सवड नाही. उद्या क्रोमियम शिकवायचंय, आणि ते बटणं भरायचा नियमच मोडतं, भलतंच खोडकर आहे.

तुझीच,
हट्टी धाकटी