बुरशीच्या तीन कुंड्यांचा वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रोपवाटिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो धाकट्या भाऊजींना मुद्दाम दाखवावा. त्यांना चाळीस वर्षे शंका आहे.

१. राहते घर मुलाला. मागचे दार अडकते, खांदा लावावा. रोपवाटिकेवर मात्र त्याने हक्क सांगू नये. त्याच्या हातून प्लास्टिकचे फूलही सुकेल.

२. रोपवाटिका सुनेला. लग्नानंतर आठवड्याभरात तिने एक रोप उपटून मुळांवरचे पांढरे धागे पाहिले आणि विचारले, "आई, हे रोपाला खातंय की भरवतंय?" इतका शहाणा प्रश्न या घरात आधी कोणी विचारला नव्हता. मक्याच्या मुळांवर वाढवलेल्या, रोपाला भरवणाऱ्या त्याच बुरशीच्या तीन कुंड्या आणि जिवाणूंच्या बाटल्याही तिच्याच. पेरण्याआधी बी जिवाणूंच्या पाण्यात घोळवून सावलीत सुकवावे. प्रत्येक पिशवीत कुंडीतली चिमूटभर माती घालावी. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मुलाने ताक समजून पिऊ नये. एकदा प्यायला आहे.

३. फवारणीचा पितळी पंप भाऊजींना. येथे एक कबुली देणे भाग आहे. आमचे हे गेले, त्या वर्षी डोंगरावर लावायची नऊ हजार रोपे पिवळी पडली. ती गेली असती तर रोपवाटिकाही गेली असती. भाऊजी बुरशी मारायला मातीला निळे मोरचूद पाजत होते. त्याने वाईट बुरशीबरोबर चांगलीही मरत होती. मी चांगल्या बुरशीसाठी जुन्या झाडाखालची माती आणून मिसळू लागले, तर म्हणाले, घाण आणू नका. मी वाद घातला नाही. मोरचुदाच्या डब्यात कपड्यांची नीळ भरून ठेवली. दोन महिन्यांत रोपे सावरली. तेव्हापासून अठरा वर्षे भाऊजी मनोभावे नीळ फवारत आहेत आणि प्रदर्शनातली उत्तम रोपांची ढाल त्यांनी पाच वेळा घरी आणली आहे. ढाली त्यांच्याकडेच राहोत.

साक्षीला मी भाऊजींनाच बोलावले. वाचताना त्यांचे तोंड पाहायचे होते. त्यांनी सावकाश सगळे वाचले आणि म्हणाले, "वहिनी, अठरा वर्षं फवारा अंगावर उडतोय आणि माझे सदरे धुतल्यावर पांढरेशुभ्र निघतायत. मला कळलं नसेल?"

मग बोलला का नाहीत, असे मी विचारले.

"रोपं बरी होती."

मी त्यांच्याकडे बघतच सही केली. त्यामुळे माझी सही जरा वाकडी आली आहे. ती खरी धरावी.

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार: १. धाकटे भाऊजी (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: रोपवाटिकेची पडवी
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी, पाणी घालून झाल्यावर