आबांचं रडणं

१२ जानेवारी २०२५, रविवार
आबा उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडले! ह्यांचे थोरले भाऊ ते. आठ टाके. सांगलीला नेलंय.

१३ जानेवारी
आत मार लागलाय का बघायला डोक्याचा स्कॅन काढला. मार वरचाच. पण कपाळामागे गाठ दिसली — लिंबाएवढी. पडण्याशी तिचा संबंध नाही म्हणे, आधीचीच आहे.

१५ जानेवारी
मीही सांगलीला गेले. डॉक्टरांनी विचारलं, वर्षभरात स्वभाव बदलला का?
आबांची बायको, माझी जाऊ चंद्राअक्का म्हणाल्या, "आवं, लय! मिल्ट्रीतलं माणूस, कवा डोळ्यांत पाणी बघितलं न्हाई. आता बायकांगत रडत्यात. आन् हिच्या पायरीवर जाऊन बसत्यात!"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"त्या गाठीनंच," डॉक्टर म्हणाले. "काढली की होतील पहिल्यासारखे."

१६ जानेवारी
हे गेले तेव्हा आबा रडले नव्हते. बावीस वर्षांत माझ्याशी समोरासमोर बोललेही नव्हते — थोरल्या दिरानं भावजयीशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आले, पायरीवर टेकले. "क्रांती, काय वाचतीयास? मोठ्यानं वाच की." वाचलं. मध्येच म्हणाले, "माझा धाकला गेला गं!" आणि ढसाढसा रडायला लागले. मग रोजच. ह्यांच्यासाठी माझ्याबरोबर रडणारं दुसरं कोण होतं?
आणि ती म्हणे गाठ!

१८ जानेवारी
ऑपरेशनचा कागद आला. अक्कांना वाचता येत नाही. मी पोरांच्या पुस्तकांवरून शिकले, तेवढ्यावर वाचला. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, सहा महिने थांबलं तरी चालेल, पण काढलेली बरी.
"तूच सांग गं, क्रांते. मला काय कळतंय?"
कागद पुन्हा वाचला. म्हणजे नुसता बघत बसले. मी थांबू म्हणाले असते तर कुणी बोल लावला नसता. आलं मनात! लिहितानाही लाज वाटते.
"उठवा अंगठा, अक्का," म्हणाले.

२१ जानेवारी
निघाली. सगळी.

३ फेब्रुवारी
आबा घरी आले. अंगणात खाकरले, मी आत सरकावं म्हणून. पदर घेऊन सरकले. मागोमाग अक्का स्वयंपाकघरात आल्या. माझे दोन्ही हात धरले, हसत होत्या, रडत होत्या.
"क्रांते, आलं गं माझं माणूस माघारी!"